वाटणीत आलेली वेबसाइट

मी काय काम करते ते माझ्या सासूबाई शेजारणींना एका वाक्यात सांगतात. "दुकान हललं की जुन्या जागी पाटी लावाचं काम आहे आमच्या सुनेचं." इतकी वर्षं मी अमरावतीत बसून हे काम करते आहे, कार्डावर लांबलचक हुद्दाही छापून घेतला आहे, पण याहून बरी व्याख्या मला कधी जमली नाही. फक्त एखादी शेजारीण पुढे विचारते, "मंग पाटी लावाले कॉम्प्युटर कायले लागते?" तिथे सासूबाई अडकतात आणि मला आतून हाक मारतात. मग मी हात पुसत बाहेर येते आणि तेच जुनं पुराण पुन्हा लावते.

पुराण असं. वेबसाइटला एक नाव असतं, म्हणजे तिचा पत्ता. त्या पत्त्यावर लोक वर्षानुवर्षं येतात, दुसऱ्या वेबसाइटवाले आपल्या पानावर तो पत्ता देतात, वर्तमानपत्रातल्या बातमीत तो छापून येतो. सर्च इंजिन हे सगळं बघत असतं. कोणाकडे किती माणसं आवर्जून पाठवली जातात यावरून ते त्या पत्त्याची पत ठरवतं आणि कोणी काही शोधलं की पतवाल्याला वर दाखवतं. आता मालकाला एक दिवस हुक्की येते आणि तो नाव बदलतो. नव्या नावाला कोण ओळखतं? काल गावात आलेल्या माणसासारखी त्याची अवस्था. मग मी जुन्या पत्त्यावर पाटी लावते. माणूस जुन्या दारात आला की ती त्याला अलगद नव्या दारात नेऊन सोडते, आणि सर्च इंजिनलाही कळतं की हा तोच मनुष्य आहे, फक्त घर बदललं आहे. याला आमच्या धंद्यात रिडायरेक्ट म्हणतात. पाटी नीट लागली तर जुनी पत हळूहळू नव्या नावावर चढते. मध्ये काही आठवडे खालीवर होतं. त्या काळात मालकांचे फोन येतात, "मॅडम, आपन दिसूनच नाई राहिलो!" मी म्हणते, दमानं घ्या. ते दमानं घेत नाहीत.

हे काम नीट झालं की कोणाला दिसत नाही, हे त्यातलं दुःख. गवंड्याला भिंत दाखवता येते, शिंप्याला ब्लाउज दाखवता येतो. मी काय दाखवणार? "बघा, काहीच बिघडलं नाही" एवढंच. आणि काही न बिघडल्याबद्दल कोणी कोणाची आरती ओवाळत नाही.

अकोल्याच्या एका मंगल कार्यालयवाल्यांना मात्र काहीतरी दिसायलाच हवं होतं. त्यांनी मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला. लोकांनी सोडून दिलेली जुनी नावं विकत मिळतात, ती घेऊन आपल्या साइटकडे वळवायची, म्हणजे त्या सगळ्यांची पत आपल्याला मिळते, असं त्यात होतं. मला न विचारता त्यांनी मूठभर नावं घेतली आणि एका पोराकडून वळवून घेतली. त्यांतलं एक नाव पूर्वी दूरच्या कुठल्यातरी मुतखड्याच्या दवाखान्याचं होतं. मग काय, तुळशीचं लग्न झालं, तारखा निघाल्या आणि कार्यालयाच्या फोनवर पोट धरलेली माणसं बोलायला लागली. मी भेटायला गेले तेव्हा मालक फोनवर कोणालातरी वैतागून सांगत होते, "नाई हो बाप्पा, इथं खडा नाई पडत. आमच्या इथं फक्त अक्षदा पडते!" 

मी ती सगळी नावं सोडवली. सर्च इंजिन इतकं भोळं नसतं. लग्नाच्या हॉलचा आणि मुतखड्याचा काही संबंध नाही हे त्याला कळतं, आणि अशी उसनी पत ते मोजत नाही. मालक मात्र शेवटपर्यंत म्हणत होते, की नावं चुकीची निवडली गेली, आयडिया बरोबर होती.

असली गिऱ्हाइकं मी हसून सोडून देते. एक काम मात्र मनातून जात नाही. ते परतवाड्याजवळच्या एका संत्रा नर्सरीचं.

नर्सरी देवरावकाकांची. काका म्हणजे कलमांतला दर्दी माणूस. संत्र्याचं झाड बियांपासून लावत नाहीत. जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, रोपावर चांगल्या संत्र्याचा डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, बसवून बांधतात आणि ते कलम पिशवीत वाढवून विकतात. काकांनी बांधलेली कलमं सहसा फसत नसत. मी त्यांची वेबसाइट केली तेव्हा मला वाटलं होतं, दर, पत्ता आणि चार फोटो टाकले की झालं. पण काका खुर्ची टाकून वाफ्यांपाशी बसले आणि बोलायलाच लागले. बुंध्यातून डिंक गळायला लावणारा डिंक्या झाडाला का होतो, पानांवर काजळीसारखी कोळशी आली की काय करायचं, बहारासाठी पाणी तोडून ताण किती द्यायचा. मी मोबाइलवर त्यांचं बोलणं घेतलं आणि जवळपास तसंच्या तसं साइटवर चढवलं. डिंक्याच्या पानावर पहिलंच वाक्य होतं, "झाडाले पानी पाज, पन त्याचे पाय ओले करू नोको." बुंध्याला पाणी लागू द्यायचं नाही, आळं दुहेरी करायचं, पावसाच्या आधी बोर्डो मलम लावायचं, असं सगळं सरळ सांगितलेलं.

ते पान असं काही चाललं की विचारू नका. शेतकऱ्यांनी एकमेकांना पाठवलं, शेतकीच्या पोरांनी आपल्या लेखांत त्याचा पत्ता दिला, मध्य प्रदेश आणि राजस्थानातले बागायतदार ते वाचून कलमांसाठी फोन करायला लागले. काका मला फोनवर म्हणायचे, "बाई, मी त मेल्यावरई बोलत राहीन वाटते." 

काका गेले. त्यांचं वर्षश्राद्ध झाल्यावर दोन्ही मुलांनी वाटणी करायची ठरवली. थोरले गजाननभाऊ, अबोल, कलमं बांधण्यात बापाच्या हाताखाली तयार झालेले. धाकटा दिलीप, बोलका, तापट, गिऱ्हाइकांत रमणारा. दोघांत भांडण असं नव्हतं, पण बायका-पोरं वाढली की चूल वेगळी होते, तसंच ते. वेबसाइटचं काय करायचं ते विचारायला त्यांनी मला बोलावलं, आणि मी परतवाड्याची बस धरून गेले.

आमच्याकडे वाटणीची एक जुनी रीत आहे. थोरल्यानं हिस्से पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे पाडणारा आपोआपच सरळ पाडतो. मी पोचले तोवर जमीन, वाफे, मोटारी, कलमं बांधायच्या चाकूंपर्यंत सगळं वाटून झालं होतं. मधोमध त्यांचे मामाजी पंच म्हणून बसले होते. त्यांनी आधीच निकाल दिलेला होता: बापाच्या नर्सरीचं नाव कोणीच वापरायचं नाही. एकानं घेतलं तर दुसऱ्याच्या मनात सल राहील, म्हणून नाव बंद. दोघांनी नवी नावं घ्यायची, दोघांच्या नव्या वेबसाइटी.

मी म्हटलं, "मामाजी, शेत वाटता येते, नाव वाटता नाई येत. नाव तसंच राहू द्या. साइट एकच ठेवू, आत दोघांचेही फोन देऊ."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ताई, वाटणीत तिसऱ्यानं बोलू नये. तुमी फक्त सांगा, अर्धं-अर्धं होते का नाई."

होत होतं, हीच तर पंचाईत. पाटी प्रत्येक पानावर वेगळी लावता येते. एक पान एका भावाकडे, दुसरं दुसऱ्याकडे. मी तसं सांगितलं आणि वेबसाइटची वाटणी सुरू झाली. मी जन्मात असली वाटणी पाहिली नव्हती.

गजाननभाऊंनी मोबाइलवर साइट उघडली, थोडा वेळ खालीवर केली आणि दोन हिस्से पाडले. "एका हिश्श्यात समोरचं पान, दर, फोटो, पत्ता. दुसऱ्यात बाबांच्या गोष्टी. डिंक्या, कोळशी, बहार, सगळ्या."

माझ्या ओठांवर आलं होतं की, अरे दिलीप, थांब. मामाजींनी नुसता हात वर केला आणि मी गप्प बसले.

दिलीपनं विचारसुद्धा केला नाही. "दार माह्याकडं," असं म्हणून त्यानं समोरचं पान उचललं. जमलेल्या सगळ्यांना वाटलं, पोरानं हुशारी केली. गजाननभाऊ फक्त "बरं" म्हणाले. त्यांनाही आपल्या हिश्श्याची किंमत माहीत नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. त्यांना फक्त बापाचं बोलणं आपल्याकडे आलं याचं बरं वाटलं होतं. ते डोळ्यांत दिसत होतं.

मी अमरावतीला परत आले आणि ठरल्याप्रमाणे पाट्या लावल्या. काकांच्या साइटचं समोरचं पान दिलीपच्या नव्या नावाकडे, गोष्टींची पानं गजाननभाऊंच्या नव्या नावाकडे. काम चोख केलं आणि मनाशी हळहळले. आजही मला त्याचं वाईट वाटतं. नर्सरीचं ते नाव कमवायला काकांचा जन्म गेला होता, आणि ते पुसायला माझी एक दुपार पुरली.

पुढे व्हायचं तेच झालं. समोरच्या पानावर लोक यायचे ते नर्सरीचं नाव शोधून, आणि ते नाव तर आता कोणी घेतच नव्हतं. बाकी सगळा लोंढा येत होता तो रोगांची पानं वाचायला. बाहेरच्यांनी पत्ते दिले होते तेही त्याच पानांचे. त्यामुळे सगळी पत गजाननभाऊंच्या नव्या साइटवर चढली. माणसं डिंक्याचं पान वाचायची, खाली 'कलम पाहिजे?' असं लिहिलेलं होतं त्यावर बोट ठेवायची आणि गजाननभाऊंच्या बुकिंगच्या पानावर पोचायची. दिलीपची साइट कोणाला सापडतच नव्हती.

उन्हाळा चढला तसा दिलीप मोटरसायकलवर माझ्या ऑफिसात येऊन धडकला. वाटणीनंतरचा त्याचा हा पहिलाच सीझन. खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागला.

"मॅडम, वाफे भरून आहे. फोन वाजून नाई राहिला. दादाकडं गाड्या लागून राहिल्या. तुमी दोघायनं मिळून माहा रस्ता बंद केला काय?"

तापट असला तरी त्याचं भय खरं होतं. कलम हा माल गोदामात ठेवायचा नाही. पावसाळ्यात लागवड होते, तेव्हा गेलं तर गेलं. राहिलं तर पिशवीत मुळ्या गोल गोल फिरतात, झाड फसतं, आणि चांगला बागायतदार त्याला हात लावत नाही. वर्षाची मेहनत उकिरड्यावर जाते. मृग तोंडावर आला होता आणि दिलीपच्या वाट्याचे सगळे वाफे तसेच उभे होते. हा पहिला सीझन बुडाला तर तो पुढच्या वर्षी कलमं बांधायला उभा राहणार नव्हता, हे त्याला आणि मलाही कळत होतं.

मी त्याला सगळं समजावलं. कोणी रस्ता बंद केला नाही, तूच दार उचललंस आणि लोक खिडकीतून येत होते. तो म्हणाला, "अकोल्याचा एक जन म्हनते, जुने नावं इकत घ्या, वळवा..." मी त्याला मुतखड्याची हकिकत सांगितली. इतक्या काळजीतही त्याला हसू आलं.

"तू स्वतःची पानं लिही," मी म्हटलं. "तुझी पत तयार होईल. पण त्याला काही महिने लागतील."

"कलमा थांबन काय काही महिने?"

"नाही. मग दादाशी बोल."

"वाटणीपासून बोलनं नाई आमचं," तो म्हणाला आणि हेल्मेट उचलून निघून गेला. 

मला जे करता येण्यासारखं होतं ते मी केलं. त्याच्याकडून थोडं लिहून घेतलं, फोटो नीट लावले. पण काही आठवड्यांच्या कामानं पत वाढत नाही. आणि गजाननभाऊंच्या पानांना त्यांच्या शब्दाशिवाय हात लावणं मला शक्य नव्हतं. एका गिऱ्हाइकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, हा माझा नियम आहे. अमरावतीसारख्या गावात तोच पाळला नाही तर धंदा बंद करावा लागेल.

त्याच सुमारास गजाननभाऊंचा फोन आला, "ताई, साइटचं थोडं काम आहे. इकडंच या." मी गेले. ते ओसरीवर एकटेच बसले होते. वहिनींनी चहा आणून ठेवला. भाऊंनी कपबशी उचलली तशी ती वाजायला लागली. उजवा हात थरथरत होता. त्यांनी कप खाली ठेवला आणि नंतर त्याला हातच लावला नाही.

"दिलीपचं कसं चालू आहे?" त्यांनी विचारलं.

"भाऊ, दुसऱ्या गिऱ्हाइकाचं मी सांगत नसते."

"नका सांगू. त्याचे वाफे रस्त्यावरूनच दिसते मले."

मग त्यांनी स्वतःच उजव्या हाताकडे पाहिलं. "यंदाच्या कलमायत माह्या हातची एकई नाई. मानूस लावून बांधून घेतल्या. डाक्टर म्हनते, हा कंप आता जात नाई. चाकू धरला तं सालच कापल्या जाते. बाबांच्या गोष्टी दाखवून दुसऱ्याच्या हातच्या कलमा किती दिस इकू?" 

ज्याच्या हातानं बापाची बरोबरी केली असं लोक म्हणायचे, तो माणूस हे सांगत होता आणि आवाजही चढू देत नव्हता.

"माह्या कलमा गेल्या सगळ्या," ते म्हणाले. "आता ते बुकिंगचं पान आहे ना माहं, ते दिलीपच्या साइटकडं वळवून द्या. मानूस बाबांच्या गोष्टी वाचन माह्याकडं, अन् कलम घ्याले जाईन त्याच्याकडं. गोष्टी मात्र माह्याकडंच राहू द्या."

"वाटणीचं काय मग?"

"वाटणी मोडत नाई मी. माहा हिस्सा मी कोनालेई देईन."

मला बरं वाटलं आणि घाईनं मी माझ्या धंद्यातली एक सोयीची गोष्ट पुढे केली. "भाऊ, आपण असं करू. पाटी दोन प्रकारची असते. एक तात्पुरती, एक कायमची. यंदा तात्पुरती लावू. लोक आजपासून दिलीपकडे जातील, त्याच्या कलमा निघतील. पण सर्च इंजिन समजेल की खरी जागा तुमचीच आहे, तुम्ही परत येणार आहात. तुमची पत तुमच्याजवळच राहील. पुढच्या साली काढून टाकू."

"अन् कायमची लावली तं?"

"तर ते हळूहळू तुमचं पान विसरेल. 'संत्रा कलम' म्हणून कोणी शोधलं तर दिलीप वर दिसेल. तुम्ही नाही दिसणार."

भाऊ समोरच्या वाफ्यांकडे बघत राहिले. रिकाम्या वाफ्यांशेजारी पुढच्या साली कलम बांधायची जंबेरीची कोवळी रोपं हिरवी झाली होती. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि परत आत गेल्या.

"कायमची लावा," ते म्हणाले.

मी लॅपटॉप तिथेच उघडला. काम मिनिटभराचं होतं. उठताना ते म्हणाले, "त्याले तुमी होऊन सांगू नोका."

"आणि त्यानं विचारलं तर?"

"विचारलं तं खोटं नोका बोलू." 

पाटीचा परिणाम त्याच आठवड्यात दिसायला लागला. डिंक्याचं पान वाचणारी माणसं सरळ दिलीपच्या बुकिंगवर उतरत होती. दिलीपला आधी वाटलं, आपण लिहिलेली पानं चालली. त्यानं मला पेढे पाठवले आणि मी ते खाल्ले. पाऊस लागला, राजस्थानातल्या झालावाडच्या बाजूच्या गाड्या त्याच्या दारात लागल्या, वाफे मोकळे व्हायला लागले. पुढे सर्च इंजिनमध्येही तो वर सरकत गेला आणि गजाननभाऊंचं बुकिंगचं पान दिसेनासं झालं. मी रोज सकाळी ते पाहायची. माझं काम फत्ते होत होतं आणि मला ते पाहवत नव्हतं.

शेवटी एक दिवस दिलीपचा फोन आला. मागे माणसांचा आणि ट्रॅक्टरचा आवाज होता, पण हा नेहमीसारखा ओरडून बोलत नव्हता.

"मॅडम, एक गिऱ्हाईक म्हनून राहिलं का, 'मी तुमच्या भावाच्या साइटवर बोट ठेवलं अन् तुमची उघडली.' काही चुकलं काय तुमच्या हातून?"

"नाही," मी म्हटलं. "भाऊंनी सांगून करून घेतलं."

"दादानं? कावून?" आणि मग लगेच, स्वतःलाच पटवल्यासारखं, "माहा सीझन निघून जावा म्हनून केलं असन. यंदापुरतं आहे ना?"

"नाही, दिलीप. कायमचं आहे."

"कायमचं म्हंजे? पुढच्या साली ते कलमा कुठून इकतीन?"

मला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं माझ्या तोंडून जायला नको होतं. पलीकडे ट्रॅक्टर बंद झाला.

"त्यायचा हात," तो हळूच म्हणाला. "बाबांच्या श्राद्धाले पिंड ठेवतानी हालत होता. म्या पाह्यलं होतं मॅडम. मले वाटलं, रडून राहिले म्हनून."

मग तो कोणालातरी म्हणाला, "गाडी तुमीच भरा, मी येतो." फोन बंद करायचं त्याला सुचलंच नाही. चालल्याचा आवाज आला, मोटरसायकलला किक मारल्याचा आवाज आला, आणि भाऊंच्या जवळच्याच घरी जायला लागतो तितकाच वेळ ती चालू राहिली. गाडी थांबल्यावर "दादा" अशी हाक ऐकू आली. मग मीच फोन ठेवला.